यादीवरचा मेल सदस्यांना मिळत नसेल तर: कारण कसे शोधावे आणि दुरुस्ती कशी करावी

माजी विद्यार्थी संघ, गृहनिर्माण संस्था किंवा परदेशातले महाराष्ट्र मंडळ यांच्या रोजच्या गप्पा आता व्हॉट्सअॅपवर होत असल्या, तरी वार्षिक सभेची सूचना, इतिवृत्त आणि हिशेब अनेक ठिकाणी अजूनही ई-मेलच्या यादीवरूनच जातात. म्हणूनच ‘मला सूचना मिळालीच नाही’ ही तक्रार यादी सांभाळणाऱ्याने मनावर घ्यायला हवी. अशी तक्रार करणारा सदस्य बहुतेक वेळा खरेच सांगत असतो. त्याला ‘स्पॅममध्ये बघा’ एवढेच उत्तर देऊन मोकळे होण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि ती मला मुळीच पटत नाही, कारण जीमेलच्या सर्व्हरने दारातूनच परत पाठवलेला मेल स्पॅमच्या कप्प्यात कितीही शोधला तरी सापडणार नाही.

मेल न मिळण्याचे तीन वेगळे प्रकार असतात आणि त्यांचे उपायही वेगळे असतात. मेल यादीवरून बाहेर पडलेलाच नसतो. किंवा बाहेर पडतो पण समोरचा सर्व्हर तो नाकारतो. किंवा समोरचा सर्व्हर तो स्वीकारतो पण सदस्याच्या नजरेआड ठेवतो. यांपैकी नेमके काय घडले हे ठरवण्याआधी कोणतीही सेटिंग बदलू नये. तक्रार करणाऱ्या सदस्याकडून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: त्याचा नेमका पत्ता, न मिळालेल्या मेलची तारीख आणि तो मेल मुळात कोणी लिहिला होता. तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. तो का महत्त्वाचा आहे ते पुढे येईल.

सुरुवात यादीच्या संग्रहापासून करावी. मेल संग्रहात दिसत नसेल, तर तो बहुधा मंजुरीच्या रांगेत अडकलेला असतो. लिहिणाऱ्याने नोंदवलेल्या पत्त्याऐवजी कार्यालयाच्या पत्त्यावरून लिहिले, तर यादी त्याला सदस्य म्हणून ओळखत नाही. दुसरे कारण आकाराचे असते. मेलमन ही यादी चालवणारी जुनी आणि विनामूल्य प्रणाली वापरत असाल, तर तिची मूळ मर्यादा अवघी ४० किलोबाइट आहे, हे लक्षात ठेवावे. फोनवर काढलेला एखादा फोटो जोडला तरी मेल रांगेत थांबतो. सूचनेसोबत पीडीएफ जोडण्याची प्रथा असेल, तर ही मर्यादा वाढवावी किंवा कागदपत्रे अन्यत्र ठेवून मेलमध्ये फक्त दुवा द्यावा.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करतो, कारण त्यापायी बरेच तास वाया जातात. जीमेल वापरणारा सदस्य मेलमनच्या यादीवर स्वतः मेल पाठवतो, तेव्हा यादीवरून परत आलेली त्याची प्रत जीमेल त्याला इनबॉक्समध्ये वेगळी दाखवत नाही. पाठवलेल्या मेलची खूण आणि परत आलेल्या मेलची खूण एकच असल्यामुळे जीमेल दुसरी प्रत गाळते. ‘माझा मेल यादीवर गेलाच नाही’ असे सांगणारा सदस्य जीमेलवर असेल, तर आधी दुसऱ्या सदस्याला तो मिळाला का, एवढेच विचारावे.

मेल संग्रहात आहे, पण सदस्याकडे नाही, असे असल्यास परत आलेली नकारपत्रे, म्हणजे ज्यांना आपण बाउन्स म्हणतो ती, वाचावीत. ती इंग्रजीत आणि किचकट असतात, म्हणून लोक ती न वाचताच पुसून टाकतात. पण निदानाचा सर्वांत भरवशाचा पुरावा तोच आहे. त्यातला पहिला आकडा चारने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती असते आणि सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. पाचने सुरू होत असेल तर नकार कायमचा असतो. त्यापुढच्या आकड्यांपैकी ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, तर ५.२.२ म्हणजे पेटी भरली आहे. ५.७ ने सुरू होणारे नकार धोरणाचे असतात, आणि जीमेलकडून ५.७.२६ असे आले, तर पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही असा त्याचा अर्थ होतो.

पेटी भरल्याचा नकार ज्येष्ठ सदस्यांच्या बाबतीत वारंवार येतो. गूगलच्या विनामूल्य खात्याची १५ गिगाबाइट जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या सर्वांसाठी मिळून असते, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरील व्हॉट्सअॅपचा बॅकअपही त्याच जागेत मोजला जातो. पेटीत मोजकेच मेल असूनही ती भरलेली का दाखवते, हे अशा सदस्याला फोन करून समजावून सांगावे लागते. मेल पाठवून अर्थातच उपयोग नसतो.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे मेल मुळात कोणी लिहिला याकडे, वळू. काही सदस्यांचे मेल सगळ्यांना मिळतात आणि काहींचे मात्र निम्म्या लोकांना मिळत नाहीत, असे दिसले, तर कारण जवळजवळ नेहमी ओळख पटवण्याच्या तीन व्यवस्थांमध्ये सापडते. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे, याची डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या) मालकाने डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या सार्वजनिक नोंदवहीत, केलेली नोंद. डीकिम म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरने मेलवर उमटवलेली सही. सही केल्यानंतर मजकूर किंवा विषय बदलला, की ती जुळत नाही. डीमार्क या दोहोंच्या वर बसते: वाचकाला ‘फ्रॉम’मध्ये जे डोमेन दिसते त्याच्याशी या दोहोंपैकी निदान एक जुळलेच पाहिजे, आणि न जुळल्यास मेल तसाच जाऊ द्यावा, स्पॅममध्ये टाकावा की नाकारावा, हे त्या डोमेनचा मालक जाहीर करतो.

एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी ‘नाकारा’ हे धोरण जाहीर केले, त्याच महिन्यात एओएल या दुसऱ्या ई-मेल सेवेनेही तेच केले, आणि जगभरच्या याद्या विस्कळीत झाल्या. घडते ते असे. याहूचा पत्ता असलेला सदस्य यादीवर लिहितो. यादी विषयाच्या आरंभी कंसात संघाचे नाव घालते आणि शेवटी तळटीप जोडते, त्यामुळे याहूची सही मोडते. मेल यादीच्या सर्व्हरवरून जातो, त्यामुळे एसपीएफची तपासणी यादीच्या डोमेनसाठी होते, याहूसाठी नाही. जीमेल दोन्ही गोष्टी पाहते, याहूचे धोरण वाचते आणि मेल नाकारते. पुढची गोष्ट अधिक अन्यायाची आहे. हा नकार यादीच्या हिशेबात जीमेलच्या निरपराध सदस्यांच्या नावावर चढतो. मेलमनच्या दुसऱ्या मालिकेत कायमच्या नकाराचा दिवसाला एक गुण धरला जातो आणि मूळ सेटिंगनुसार पाच गुण झाले, की सदस्याचा पुरवठा थांबतो. म्हणजे याहूवरच्या एकाने आठवडाभर उत्साहाने लिहिले, की जीमेलवरच्या इतरांना यादी बंद होते, आणि त्यांना वाटते की संघ आपल्याला विसरला.

यावरचा उपाय यादीच्या सेटिंगमध्येच आहे. मेलमनच्या २.१.१८ किंवा त्यापुढच्या आवृत्तीत पाठवणाऱ्यांच्या गाळणीच्या पानावर डीमार्कविषयीचा पर्याय आहे. तेथे ‘मंज फ्रॉम’, म्हणजे ‘फ्रॉम’मधला पत्ता बदलण्याचा पर्याय, निवडावा. मेलमनच्या तिसऱ्या मालिकेत डीमार्कच्या उपायांचे स्वतंत्र पान आहे आणि ‘फ्रॉम’च्या जागी यादीचा पत्ता घालण्याचा पर्याय तेथे मिळतो. गूगल ग्रुप्स ही गूगलची गटांच्या याद्या चालवण्याची सेवा गरज पडेल तेव्हा हे आपणहून करते. लिहिणाऱ्याच्या नावापुढे ‘व्हाया’ आणि गटाचे नाव दिसते ते त्यामुळेच. याला दुसरा पर्यायही आहे: विषयातला कंस आणि तळटीप दोन्ही काढून टाकावी आणि मेल जसा आला तसाच पुढे पाठवावा, म्हणजे मूळ सही शाबूत राहते. तत्त्वतः मला हा दुसरा मार्ग अधिक स्वच्छ वाटतो, परंतु विषयातले संघाचे नाव पाहूनच मेल उघडणारे सदस्य असतील तर पहिलाच मार्ग घ्यावा. बदल केल्यावर ‘उत्तर द्या’ दाबून उत्तर कोणाकडे जाते ते स्वतः तपासावे, कारण एकाला लिहिलेले खासगी उत्तर साऱ्या यादीवर गेल्यास होणारा मनस्ताप मोठा असतो.

सेटिंग बदलली म्हणजे काम संपले असे नाही. आधीच थांबवलेले सदस्य आपोआप सुरू होत नाहीत. मेलमनच्या दुसऱ्या मालिकेत सदस्यांच्या यादीत ‘नोमेल’च्या स्तंभात इंग्रजी बी अक्षर दिसते, ते नकारांमुळे थांबलेले सदस्य होत. त्यांची खूण एकेक करून काढावी. गूगल ग्रुप्समध्येही नकार येणारे सदस्य वेगळे दाखवले जातात.

यादी संघाच्या स्वतःच्या डोमेनवरून चालत असेल, तर डीएनएसमधल्या नोंदी तपासाव्यात. संकेतस्थळ एका कंपनीकडे, कार्यालयाचे मेल गूगलकडे आणि यादी तिसऱ्याच सर्व्हरवर, अशी स्थिती अनेक संस्थांची असते, आणि प्रत्येकाने आपापली एसपीएफ नोंद घालून ठेवलेली असते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन असल्या की तपासणीच फसते. म्हणून सर्वांचे सर्व्हर एकाच नोंदीत आणावेत आणि त्या नोंदीतून होणाऱ्या डीएनएस विचारणा दहाच्या आत ठेवाव्यात, कारण मर्यादा तेवढीच आहे. डीकिमची सही करण्याची किल्ली २०४८ बिटची घ्यावी. डीमार्कची सुरुवात ‘काही करू नका’ या सौम्य धोरणाने करावी, समोरच्या सर्व्हरकडून येणाऱ्या तपासणीच्या अहवालांसाठी वेगळा पत्ता द्यावा, काही आठवडे अहवाल पाहून आपले सर्व मार्ग पटतात याची खात्री करावी आणि मगच धोरण कडक करावे. सर्व्हर स्वतःचा असेल, तर त्याच्या आयपी पत्त्यावरून नाव शोधता येते का आणि स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत तो आहे का, हेही पाहून घ्यावे.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केले आहेत. एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक प्रत्येकालाच लागते. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि शिवाय डीमार्क लागते. लहान संघाने आपण त्या आकड्याच्या खाली आहोत म्हणून निवांत राहू नये, तिन्ही व्यवस्था कराव्यात. मेल ‘स्पॅम’ म्हणून नोंदवला जाण्याचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत ठेवावे आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीही पोहोचू देऊ नये, असे जीमेल सांगते. चारशे सदस्यांच्या यादीत एकाने ते बटण दाबले तरी प्रमाण पाव टक्का होते. म्हणून यादी सोडण्याचा दुवा ठळक असावा. सोडण्याची वाट न सापडलेला माणूसच बहुधा ‘स्पॅम’ दाबतो. त्याला सन्मानाने जाऊ देण्यात संघाचे नुकसान नाही.

याच कारणासाठी पत्त्यांची साफसफाई दरवर्षी करावी. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले, तेव्हा अनेक गटांनी तिथले पत्ते जसेच्या तसे नव्या ठिकाणी हलवले. त्यातल्या कितीतरी पेट्या आज कोणी उघडत नाही. गूगलही दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू शकते. बंद पत्त्यांवर मेल पाठवत राहिलेल्या यादीची पत घसरते आणि त्याची झळ जिवंत पत्त्यांना बसते. यादीच नसून एखादा सचिव वैयक्तिक जीमेलवरून सर्वांना गुप्त प्रतीत घालून पाठवत असेल, तर दिवसाला ५०० जणांच्या मर्यादेवर तो कधीतरी अडकणारच; तेथे दुरुस्ती करत बसण्यापेक्षा गट स्थापन करावा.

इतके झाल्यावरच सदस्याला त्याच्या बाजूचे काम सांगावे, आणि ते थोडेच असते. स्पॅम आणि प्रमोशन्स या दोन्ही ठिकाणी शोधायचे, मेल सापडल्यास ‘स्पॅम नाही’ दाबायचे, यादीचा पत्ता संपर्कांत घालायचा आणि यादीच्या मेलना स्पॅममध्ये कधीही न टाकण्याची गाळणी लावायची. संगणकावर जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडले, तर वरच्या भागात एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क यांचे निकाल दिसतात. त्या पानाचा फोटो सदस्याने पाठवला, तर पुढचे निदान घरबसल्या होते.

शेवटची तपासणी याहू, जीमेल आणि आउटलुक या तिन्ही ठिकाणच्या खात्यांवरून करावी. याहूच्या खात्यावरून यादीवर लिहावे, कारण सर्वांत अवघड परीक्षा तीच असते, आणि उरलेल्या दोन्ही ठिकाणी मेल इनबॉक्समध्ये पोहोचतो का, डीमार्कचा निकाल ‘पास’ येतो का आणि उत्तर योग्य माणसाकडे जाते का, हे पाहावे. डीएनएसमधले बदल सर्वत्र पसरायला कधीकधी दोन दिवसही लागतात, म्हणून पहिल्याच तासात निकाल आला नाही तर नोंदी पुन्हा बदलू नयेत. मधल्या काळात ज्या सदस्यांचा पुरवठा थांबला होता त्यांना राहून गेलेल्या सूचना वेगळ्याने पाठवाव्यात, आणि सभेची तारीख जवळ असेल तर फोनही करावा.