सिटी ऑफ लंडनचं फ्रीडम आणि लिव्हरी कंपनीची मेंबरशिप: कुठून सुरुवात करायची, काय काय लागतं

दर थोड्या दिवसांनी एखाद्या मराठी ग्रुपवर फोटो येतो, सूटबूट घातलेले आपलेच कुणी काका नाहीतर ताई, हातात सुबक अक्षरातलं सर्टिफिकेट, खाली 'लंडन शहराकडून सर्वोच्च सन्मान', आणि मग अभिनंदनाचा पाऊस. अभिनंदन करावंच, पण ते सर्टिफिकेट 'फ्रीडम ऑफ द सिटी ऑफ लंडन'चं असतं, आणि बहुतेक वेळा तो सन्मान नसतो हो, ती मेंबरशिप असते आणि तिच्यासाठी त्यांनी स्वतः अर्ज केलेला असतो. सन्मानवालं फ्रीडम वेगळं, त्याला ऑनररी म्हणतात, त्यासाठी अर्ज करता येत नाही, सिटीची कॉमन कौन्सिल, म्हणजे तिथली निवडून आलेली सभा, ठरवते आणि बोलावते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलला १९०८ मध्ये दिलं, नेहरूंना १९५६ मध्ये. आपण बोलतोय ते दुसरं, तुम्हीआम्ही घेऊ शकतो ते. आणि माझं मत विचाराल तर सर्टिफिकेटसाठी घेऊ नका, त्यामागच्या लिव्हरी कंपनीसाठी (सिटीतल्या एकेका धंद्याची संघटना, जुन्या काळच्या गिल्डसारखी) घ्या, कारण सर्टिफिकेट एकदा भिंतीवर लागलं की विषय संपला.

आधी एक गोंधळ मिटवू. सिटी ऑफ लंडन म्हणजे अख्खं लंडन नाही, बँक स्टेशन आणि सेंट पॉल्सच्या आसपासचा जेमतेम एक चौरस मैलाचा तुकडा. त्याचं स्वतःचं कॉर्पोरेशन, स्वतःचे पोलीस आणि स्वतःचा लॉर्ड मेयर, जो दर वर्षी बदलतो. निवडणूक लढवून येणारा आणि बस-ट्यूबचं बघणारा मेयर ऑफ लंडन तो वेगळा. फ्रीडम देतं ते हे छोटं कॉर्पोरेशन. पहिलं फ्रीडम १२३७ मध्ये दिलं गेलं असं मानतात, आणि तेव्हा ते शोभेचं नव्हतं, सिटीत दुकान मांडायचं, धंदा करायचा तर ते लागायचंच, आणि ते मिळायचं गिल्डमधून. १८३५ मध्ये गिल्डबाहेरच्या लोकांनाही दार उघडलं. आणि १९९६ पर्यंत फक्त ब्रिटिश आणि कॉमनवेल्थवाल्यांना मिळायचं, आता कुठल्याही देशाचा पासपोर्ट चालतो. म्हणजे वर्क व्हिसावर आलेल्यानेही विचार करायला हरकत नाही. फक्त व्हिसा, पीआर, सिटिझनशिप यांच्याशी याचा सुतराम संबंध नाही, कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर सरळ ब्लॉक करा.

आत शिरायचे रस्ते तीन.

पहिला सर्व्हिट्यूड, म्हणजे अप्रेंटिस होऊन. कंपनीच्या मेंबरकडे करार करून काम शिकायचं, मुदत संपली की फ्रीडम. जुन्या काळी सात सात वर्षं उमेदवारी करायची आणि तेवढा काळ लग्नसुद्धा करायचं नाही. आजही काही कंपन्यांत हे चालतं पण नोकरीधंद्यात मुरलेल्या माणसासाठी हा रस्ता नाही.

दुसरा पॅट्रिमनी, आईवडिलांपैकी कुणी फ्रीमन (फ्रीडम मिळालेला माणूस) असेल तर मुलाला किंवा मुलीला हक्काने मिळतं. यात एक मेख आहे: मुलाचा जन्म आईवडिलांना फ्रीडम मिळाल्यानंतरचा पाहिजे. आधी जन्मलेल्या थोरल्याला नाही आणि नंतरच्या धाकटीला आहे असं होऊ शकतं, त्यामुळे ज्यांच्या घरी अजून पाळणा हललेला नाही आणि ज्यांना यात खरंच रस आहे त्यांनी फार रेंगाळू नये.

तिसरा रिडेम्पशन, म्हणजे फी भरून, आणि आपल्यापैकी जवळपास सगळे याच रस्त्याने जाणार. याचे परत दोन फाटे. एक, कुठल्या कंपनीशी संबंध न ठेवता थेट, त्यासाठी दोन जणांनी तुमचं नाव सुचवावं लागतं, ते दोघे कॉमन कौन्सिलर, आल्डरमन (सिटीच्या वॉर्डांतून निवडलेले वरिष्ठ सभासद) किंवा लिव्हरीमन (लिव्हरी कंपनीचे पूर्ण मेंबर) असले पाहिजेत. दोन, लिव्हरी कंपनीत मेंबर व्हायचं आणि कंपनीनेच तुम्हाला सिटीकडे पाठवायचं. मी दुसराच सुचवेन. कॉमन कौन्सिलची निवडणूक लढवायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे उमेदवार फ्रीमन असावाच लागतो आणि मग पहिला फाटा पुरतो.

आता कंपनी निवडणं, आणि इथे घाई करू नका. एकूण कंपन्या ११० च्या वर आहेत. विणकरांची वीव्हर्स कंपनी, तिची सनद ११५५ ची, सगळ्यात जुनी. पण मानाच्या क्रमात पहिला नंबर मर्सर्सचा, कारण १५१५ मध्ये ४८ कंपन्यांचा क्रम लावला तेव्हा वय नाही, वजन बघितलं. त्याच्याआधी १४८४ मध्ये स्किनर्स आणि मर्चंट टेलर्स यांच्यात सहावा कोण न् सातवा कोण यावरून इतकी जुंपली होती की लॉर्ड मेयरने निवाडा दिला, आलटून पालटून एक वर्ष तुम्ही सहावे एक वर्ष ते, आणि वरून एकमेकांना जेवायला बोलवा. ते अजून पाळतात! मानपानाचं वेड फक्त आपल्याकडच्या लग्नांत असतं असं नाही.

जुन्या कंपन्यांत त्या धंद्याचे लोक असायलाच पाहिजेत असं राहिलेलं नाही, बाण बनवणाऱ्या फ्लेचर्समध्ये आज कोण बाण बनवतंय. तिथे ओळखीपाळखी, कुटुंबाचे जुने संबंध, कंपनीच्या चॅरिटीत रस अशा गोष्टी बघतात. नवीन कंपन्या मात्र बहुतेक धंदा बघतात. मास्टर मरिनर्समध्ये जहाजावरचे कॅप्टन लोक, हॅकनी कॅरेज ड्रायव्हर्समध्ये काळ्या टॅक्सीवाले, आणि आपल्या मंडळींसाठी सोयीची म्हणजे इन्फर्मेशन टेक्नॉलॉजिस्ट्स, जिला १९९२ मध्ये लिव्हरी कंपनीचा दर्जा मिळाला आणि जी शंभरावी कंपनी ठरली. सिटीतल्या बँकांत कोड लिहिणारे, टेस्टिंग करणारे, प्रोजेक्ट हाकणारे मराठी लोक कमी आहेत का? पण तुम्ही आयटीत आहात म्हणून तिथेच जायला पाहिजे असंही नाही, घरात सोनारकाम असेल, स्वयंपाकाचं वेड असेल, तर गोल्डस्मिथ्स आहे, कुक्स आहे, त्यांचे नियम वाचून बघा.

निवडली की कंपनीच्या क्लार्कला ईमेल करायचा. क्लार्क म्हणजे कारकून समजू नका, अख्खी कंपनी तोच चालवतो, मास्टर, म्हणजे कंपनीचे प्रमुख, दर वर्षी बदलतात आणि क्लार्क वर्षानुवर्षं तिथेच. ईमेल छोटा ठेवा, मी कोण, काय करतो, तुमच्या कंपनीत का यावंसं वाटतं, एखाद्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून येऊ शकतो का, बस. लिंक्डइनवरची अख्खी कुंडली जोडू नका. बहुतेक ठिकाणी आधी एखाद्या लेक्चरला किंवा जेवणाला बोलावतात, तिथे दोन-चार मेंबर भेटतात, त्यांतून प्रपोजर आणि सेकंडर मिळतात, मग एक छोटा इंटरव्ह्यू. हे सगळं गणपती मंडळासारखं आहे, पावती फाडली म्हणून कुणी कार्यकर्ता होत नाही, मांडव घालायला किती वेळा आलात ते बघतात. इंटरव्ह्यूत हमखास विचारतात की वेळ किती देणार, शाळांचं मेंटरिंग, चॅरिटी, कमिटी यांपैकी काय जमेल. खोटं मोठं बोलू नका, दोन लहान पोरं आहेत आणि वर्षातून चार संध्याकाळी जमतील असं सांगितलं तरी चालतं.

पैशांचं आधीच स्पष्ट विचारून घ्या, इथे लाजायचं कारण नाही. आत येतानाची रक्कम, तिला ते फाईन म्हणतात (दंड नव्हे), मग दर वर्षीचं क्वार्टरेज, चॅरिटीसाठी वर्गणी, आणि जेवणांची तिकिटं वेगळी, आणि पुढे लिव्हरी, म्हणजे पूर्ण मेंबरशिप, घेताना परत एक फाईन. कंपनीकंपनीत जमीनअस्मानाचा फरक असतो. सिटीची स्वतःची फी पण निराळी, ती बदलत राहते, त्या त्या वेळी बघायची.

क्रम असा: आधी कंपनीचं फ्रीडम, मग सिटीचं फ्रीडम, मग लिव्हरी. मधली पायरी गिल्डहॉलमध्ये, म्हणजे सिटी कॉर्पोरेशनच्या मुख्यालयात, चेंबरलेन्स कोर्ट नावाच्या ऑफिसात. आणि खरं घोडं अडतं ते कागदपत्रांवर. त्यांना आईवडिलांची नावं असलेला पूर्ण जन्मदाखला लागतो. आता आपले जुने दाखले आठवा: नगरपालिकेच्या कितीतरी दाखल्यांत बाळाचं नावच नाही, नुसतं 'मुलगा' नाहीतर 'मुलगी', बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली. त्यात नाव चढवून घेता येतं पण ते गावाकडे कुणालातरी ऑफिसच्या चकरा मारायला लावून, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा, कंपनीचा इंटरव्ह्यू व्हायची वाट बघू नका. बायकांचं अजून अवघड, आपल्याकडे लग्नात आडनाव तर बदलतंच पण मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि काहींचं तर पहिलं नावसुद्धा तांदळात लिहून बदललेलं. इंग्रज क्लार्कला हे तीनही बदल एका माणसाचे आहेत हे कळणार कसं? मॅरेज सर्टिफिकेट, आणि गॅझेटमध्ये नाव छापलं असेल तर त्याची प्रत, कागद मराठीत असेल तर सर्टिफाईड भाषांतर, आणि सोबत दोन ओळींत साधा खुलासा. असं आधीच पाठवलं की बरेचसे प्रश्न येतच नाहीत.

अर्ज मंजूर झाला की तारीख मिळते. सोहळा छोटा आणि गोड असतो, अर्ध्या तासात आटपतो, घरच्यांना नेता येतं, आणि न्याच, कारण मुलांना टॉप हॅट आणि लांब कोट घातलेला बीडल, म्हणजे तिथला चोपदार, बघायला फार मजा येते. चेंबरलेन्स कोर्टाचा क्लार्क (तुमच्या कंपनीचा नव्हे) पुढे उभा करतो आणि तुम्ही डिक्लरेशन मोठ्याने वाचता. ते आधी घरी एकदा वाचून जा, भाषा जुनी आहे. त्यात राजाशी निष्ठा आहे, या शहराच्या मेयरचं ऐकेन असं आहे (तो लॉर्ड मेयर बरं का), आणि राजाच्या शांततेविरुद्ध कुठे कट शिजतोय असं कळलं तर मेयरला सावध करेन असंही आहे. ज्यांना राजाबद्दलचं वाक्य घशाखाली उतरत नाही त्यांनी अर्ज करायच्या आधीच विचार करावा, तिथे उभं राहून पुटपुटणं बरं दिसत नाही. मग रजिस्टरमध्ये सही, हस्तांदोलन, सिटिझन ऑफ लंडन म्हणून स्वागत, नाव लिहिलेलं सर्टिफिकेट, आणि आयुष्य कसं जगावं याच्या नियमांचं अठराव्या शतकातलं एक छोटं पुस्तक, ज्यातले बरेचसे उपदेश आपल्या आजीने फुकट दिलेले असतात.

लिव्हरी म्हणजे पुढची पायरी, कंपनीच्या कोर्टासमोर (म्हणजे तिच्या कार्यकारी मंडळासमोर) तुमच्या अंगावर गाऊन चढवतात. त्यानंतर तुम्हाला मत मिळतं, जूनमध्ये शेरीफ (लॉर्ड मेयरला मदत करणारे अधिकारी) आणि सप्टेंबरच्या शेवटी लॉर्ड मेयर निवडायच्या सभेत, गिल्डहॉलमध्ये जाऊन, हात वर करून. ज्यांना फक्त नावापुढे काहीतरी हवं होतं ते इथपर्यंत क्वचितच टिकतात.

जेवणाबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण नवीन माणूस तिथेच बावचळतो. निमंत्रणावरचा ड्रेस कोड नीट वाचा, पैठणी किंवा बंदगळा चालेल का ते क्लार्कला विचारा, सहसा खूशच होतात. शाकाहारी असाल तर आठवडाभर आधी कळवा, अंडं चालतं की नाही हेही लिहा, नाहीतर 'व्हेजिटेरियन' म्हणून काहीही समोर येतं. जेवणानंतर लव्हिंग कप फिरतो, दोन कानांचा झाकणवाला मोठा चांदीचा पेला. तो आला की तुम्ही उठायचं आणि तुमच्या पुढच्या शेजाऱ्यानेही उठायचं, दोघांनी वाकून नमस्कार, तो उजव्या हाताने झाकण काढून वर धरतो, तुम्ही घोट घेता, कानाला बांधलेल्या रुमालाने कड पुसता, तो झाकण लावतो, आणि पेला त्याच्या हातात. तोवर ज्याने तुम्हाला पेला दिला तो तुमच्या पाठीला पाठ लावून उभा असतो, पिणाऱ्याच्या पाठीत कुणी खंजीर खुपसू नये म्हणून! एडवर्ड नावाच्या राजाला पेय पीत असताना मारलं त्यावरून ही रीत आली असं सांगतात. दारू घेत नसाल तर पेला नुसता ओठांशी नेला तरी चालतं, पण क्रम मोडू नका.

लंडनबाहेर राहणाऱ्यांनी आपल्या शहराचं बघावं, यॉर्क, चेस्टर, कॉव्हेंट्री, न्यूकॅसल इथे फ्रीमन आहेत पण रिडेम्पशनचा रस्ता सगळीकडे उघडा नाही, कुठे वारसाच लागतो, कुठे अप्रेंटिसशिप. वारशात २००९ च्या कायद्यानंतर मुलींनाही वाट मिळाली. न्यूकॅसलच्या फ्रीमनना टाउन मूरवर गाई चारायचा हक्क आहे, आणि गाई तिथे खरंच चरताना दिसतात.

आणि हो, मेंढ्या. फ्रीमनला लंडन ब्रिजवरून टोल न भरता मेंढ्या नेता यायच्या हा जुना हक्क, म्हणून कुणी उठून मेंढी घेऊन पुलावर जाऊ नये. वर्षातून एकदा सप्टेंबरमध्ये लोकरवाल्यांची वूलमेन कंपनी चॅरिटीसाठी हा कार्यक्रम करते, अलीकडे साउथवार्क ब्रिजवर, तिथे फ्रीमनने आधी पैसे भरून वेळ घ्यायची आणि आपल्या पाळीला थोडं अंतर मेंढ्या हाकायच्या. नंबर लवकर भरतात, तेव्हा बुकिंग उघडल्याबरोबर करा, आणि बूट जुने घाला.