‘शिल्लक’ची वेलांटी पळाली त्याची गोष्ट (डेस्कटॉप सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांसाठी)

कॉलेजातली पोरं अधूनमधून विचारतात, दादा डेस्कटॉप अ‍ॅप करायचंय, खिडक्या-बटणं करायला कुठलं टूल धरू, टीकेइंटर का क्यूटी का फ्लटर का इलेक्ट्रॉन. एका ओळीत उत्तर देता येत नाही म्हणून माझंच सगळं सांगतो.

मी खानापूर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग बेळगावात बीसीए. शेवटच्या वर्षाला खडेबाजारातल्या एका साडीवाल्या काकांनी बिलिंगचं सॉफ्टवेअर करून दे म्हणून सांगितलं. पायथॉन येत होतं, टीकेइंटर पायथॉनबरोबरच येतं (उबंटूवर वेगळं टाकावं लागतं, पहिला अर्धा दिवस त्यातच गेला), आठ दिवसांत खिडकी, बटणं, टेबल सगळं उभं केलं आणि टेस्टिंगला सगळीकडे ‘एबीसी’ नि ‘टेस्ट वन’ असलं काहीतरी टाईप करून खुश. काकांचा जुना कॉम्प्युटर, त्यावर विंडोजचा खर्च नको म्हणून मीच लिनक्स टाकून दिलेलं. दुकानात गेलो, कॉलमचं नाव ‘शिल्लक’ केलं आणि बघतो तर वेलांटी श च्या आधी यायच्या ऐवजी नंतर, दोन ल सुटे सुटे, मध्ये पाय मोडल्याची खूण लोंबकळत. कन्नडमध्ये एकूणला ‘ओट्टु’ म्हणतात, त्यातलं खाली लागणारं अक्षरही खाली न जाता शेजारीच येऊन बसलं. काका चष्मा वर करून म्हणाले, "हे कुठल्या गावचं मराठी रे?"

दोन दिवस मी फॉन्ट बदलत बसलो, नोटो टाकला, अजून दोन-तीन टाकले, काही फरक नाही, कारण दोष फॉन्टचा नव्हताच. फाईलमध्ये ‘शिल्लक’ हा श, मग वेलांटी, मग ल, हलन्त, ल, क असा ओळीनं साठवलेला असतो. वेलांटी डावीकडे नेऊन ठेवणं, दोन ल जोडणं हे काम शेपिंग करणाऱ्या लायब्ररीचं, आणि ओपन सोर्समध्ये त्यासाठी हार्फबझ आहे. क्यूटी ती वापरतं, जीटीके हे क्यूटीसारखंच दुसरं टूल पँगो नावाच्या लायब्ररीमार्फत वापरतं. लिनक्सवर माझ्याकडचं टीके ८.६ (टीकेइंटर ज्याच्यावर चालतं ते) मात्र अक्षरं आली तशी एकापुढे एक मांडत होतं. विंडोजवर हाच प्रोग्राम बरा दिसायचा, म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या सीमाभागात तर एका बिलावर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही लागतात, तेव्हा कुठलंही टूल शिकायला घेतलं की पहिल्या दिवशी एका लेबलात ‘ज्योत्स्ना’, ‘शिल्लक’ आणि एक कन्नड जोडाक्षर टाकून बघा, ज्या मशीनवर चालवायचं त्याच मशीनवर. ट्युटोरियल नंतर.

मग क्यूटीकडे वळलो. पायथॉनमधून क्यूटी वापरायला दोन रस्ते आहेत, पायक्यूटी आणि पायसाईड, कोड जवळजवळ सारखाच, फरक लायसन्सचा, आणि नवीन पोरं नेमकं हेच वाचत नाहीत. पायक्यूटी जीपीएल या मुक्त लायसन्सवर किंवा पैसे भरून. जीपीएल असेल तर विकायला बंदी नाही, पण ज्याला विकलं त्याला सोर्सही द्यावा लागतो. पायसाईड एलजीपीएल या त्याहून सैल लायसन्सवर आहे, तिथं अटी पाळून आपला कोड बंद ठेवता येतो. हा लायसन्सचा वाद लहान नाही बरं का, त्या काळी क्यूटीचं लायसन्स पूर्ण मुक्त नव्हतं म्हणून तर १९९७ मध्ये लिनक्ससाठी क्यूटीवरच्या केडीई डेस्कटॉपऐवजी नोम हा वेगळा डेस्कटॉप सुरू झाला, तोही जीटीकेवर, जे मुळात गिंप या चित्रांच्या प्रोग्रामसाठी लिहिलेलं. मी पायसाईड घेतलं.

क्यूटी डिझायनरमध्ये बटणं माऊसनं ओढून ठेवता येतात, मजा येते, आणि तिथंच दुसरा खड्डा. मी सगळं हातानं नेमक्या जागी ठेवलेलं, माझ्या लॅपटॉपवर झकास, काकांच्या जुन्या चौकोनी मॉनिटरवर ‘सेव्ह’ बटण खाली स्क्रीनच्या बाहेर. आठवडाभर काका सांगत होते बिल सेव्ह होत नाही आणि मी डेटाबेस तपासत बसलेलो! लेआउट वापरा, उभा, आडवा, ग्रिड, सुरुवातीला कटकट वाटते पण मराठी लेबल इंग्रजीपेक्षा लांब झालं तरी खिडकी स्वतःच जुळवून घेते.

तिसरं म्हणजे खिडकी गोठणं. वर्षाचा रिपोर्ट काढायचं बटण दाबलं की सगळं ठप्प, काउंटरवरचा पोरगा गिऱ्हाइकाला "स्वल्प तडीरी" (जरा थांबा) म्हणत उभा. खिडकी रंगवणं, क्लिक ऐकणं हे सगळं एकाच इव्हेंट लूपमध्ये चालतं, त्याच्यातच मोठं काम घातलं की तो दुसरं काही ऐकूच शकत नाही. लांबलचक काम वेगळ्या थ्रेडला, म्हणजे बाजूला स्वतंत्र चालणाऱ्या धाग्याला, द्यायचं आणि झालं की सिग्नलनं कळवायचं, पण थ्रेडमधून थेट लेबलला हात लावायचा नाही, लावलात तर कधी चालेल कधी क्रॅश, आणि क्रॅश नेमका मालक समोर असतानाच.

इलेक्ट्रॉनबद्दल माझं मत वाईट आहे, प्रत्येक अ‍ॅपबरोबर अख्खा क्रोमियम ब्राउझर येतो, दुकानातल्या चार जीबी रॅमच्या डब्यात ते नको वाटतं. पण वेब येत असेल तर लवकर होतं हे खरं. मोबाईलवरही हवं असेल तर फ्लटर बघा.

पायथॉनच्या कोडची एक्सई (थेट चालणारी फाईल) करायची असेल तर पायइन्स्टॉलर, पण विंडोजची एक्सई विंडोजवरच बनवावी लागते. एकाच फाईलचा पर्याय घेतला की अँटीव्हायरस कधीकधी उगाच बोंबलतो, फोल्डरवाला पर्याय बरा.

नोकरीचं म्हणाल तर पुण्यातल्या एका इंटरव्ह्यूत डेस्कटॉप कोण वापरतं आता असं म्हणून हसले होते. आणि काम मिळालं ते घराजवळ, उद्यमबागेत. हायड्रॉलिकचे भाग तपासायच्या मशीनवरून सिरीयल पोर्टनं प्रेशर वाचायचं आणि पायक्यूटीग्राफ या आलेखाच्या लायब्ररीवर लाईव्ह रेषा काढायची, ऑपरेटर कन्नड बोलणारा, सुपरवायझर मराठी, मग भाषा बदलायचं बटण पाहिजेच. इंटरव्ह्यूला मी साडीच्या दुकानाचंच सॉफ्टवेअर दाखवलं होतं. साहेबांनी कीबोर्ड मराठीवर घेऊन पहिला शब्द टाईप केला ‘क्षेत्रफळ’, आणि ते नीट दिसलं.