पहिलीची शाळा सुटल्यानंतर: शाळा उघडण्याआधीच करून ठेवायची तयारी

गणवेश, दप्तर, बूट, वह्यांची कव्हरं, सगळं वेळेवर होतं. राहून जाते ती शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतच्या वेळेची तयारी. पहिलीतलं मूल शाळेत चार-पाच तास स्वतःला आवरून बसतं आणि घराचा उंबरठा ओलांडला की तो आवर सुटतो. बूट भिरकावणं, पाणी सांडलं म्हणून रडारड, धाकट्याला ढकलणं हा बहुतेक वेळा हट्ट नसतो. भूक, थकवा आणि कधी कधी तुंबलेली शू असते. म्हणून घरी आल्यावरच्या पहिल्या तासात मुलाकडून काही मागायचं नाही, अशी घराची मांडणी करायची. राज्यात बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे महिनाअखेरीस. त्याआधीचे दहा दिवस या तयारीला पुरतात.

आधी मुलाला आणणार कोण ते पक्कं करा. रोजच्या माणसाशिवाय आणखी दोघांची नावं, फोटो आणि फोन नंबर वर्गशिक्षकांकडे द्या; आजी-आजोबा आणायला जाणार असले तरी त्यांची नोंद हवीच. मुलाला एकच नियम शिकवा: काकांची व्हॅन आली नाही तर फाटकाच्या आतच थांबायचं आणि बाईंना सांगायचं. घरचा एक मोबाइल नंबर पाठ करून घ्या. दहा आकडे एका दमात लक्षात राहत नाहीत. पाच-पाचचे दोन तुकडे करून ठेक्यात म्हणवले की राहतात.

मग दाराजवळची जागा. या वयात उंची साधारण ११५ सेंटीमीटर असते, तेव्हा दप्तराचा हुक जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर लावा. मोठ्यांच्या उंचीवर हुक असेल तर दप्तर सोफ्यावरच पडणार. खाली बुटांसाठी जुना ट्रे, बाजूला मोज्यांची बादली आणि घरचे कपडे काढून ठेवलेले. पावसाळ्यात मोज्यांचे निदान चार जोड लागतात. बूट भिजले तर आतला तळवा बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने ओले बोळे बदला आणि बूट पंख्याखाली ठेवा. तळवा आतच राहिला तर सकाळी बूट वरून कोरडा आणि आतून दमट निघतो.

आल्याबरोबर शू, मग हातपाय, मग कपडे. हा क्रम मोडू नका. शाळेतलं स्वच्छतागृह अनोळखी वाटतं, वास येतो, कडी लागत नाही, म्हणून बरीच मुलं दिवसभर जातच नाहीत आणि जावं लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीत. त्यातून बद्धकोष्ठता होते, लघवीला जळजळ होते. बाटली रोज उघडून पाहा. सलग तीन दिवस जवळजवळ भरलेली परत आली तर बाईंशी बोला. 'बाई, मला शूला जायचंय' हे मोठ्याने म्हणण्याची सवय घरी करून घ्या. चड्डी इलास्टिकची घ्या, घट्ट बटणाची नको. बाटली धुताना झाकणातली रबरी रिंग सुरीच्या बोथट टोकाने सोडवून बाहेर काढा. तिच्या खाचेत काळी बुरशी धरते, पाण्याला वास येतो आणि मूल ते पाणी टाळतं.

खाणं पंधरा मिनिटांच्या आत समोर यायला हवं, म्हणजे ते आधीच तयार असायला हवं. सकाळच्या सत्राचं मूल साडेबाराच्या सुमारास येतं, त्याला सरळ जेवण द्या. दुपारच्या सत्राचं मूल साडेपाचला येतं. तेव्हा बिस्किटं आणि पेलाभर दूध दिलं की रात्रीचं जेवण बुडतं. त्यापेक्षा त्या वेळी पोळी-भाजी किंवा थालीपीठ-लोणी द्यावं आणि साडेसातला मऊ वरण-भात. डबा तसाच परत आला तर रागवण्याआधी कारण शोधा. बहुतेकदा झाकणाची क्लिप बोटांना उघडत नाही किंवा सुट्टी अपुरी पडते. शाळेआधी आठवडाभर त्याच डब्यातून, जमिनीवर बसून, पंधरा मिनिटांत खायचा सराव करा. पोळीची गुंडाळी करून दोन तुकडे केले की हात भरत नाहीत.

'आज काय शिकवलं?' हा प्रश्न दारात नको. 'काही नाही' एवढंच उत्तर येतं. जेवताना विचारा: शेजारी कोण बसलं होतं, डब्यातलं कुणाला दिलं?

सकाळच्या शाळेनंतर झोप हवी असेल तर तासभर द्या, पण साडेतीनच्या आत उठवा. दुपारच्या शाळेचं मूल संध्याकाळी व्हॅनमध्ये डुलक्या काढत असेल तर घरी आल्यावर झोपू देऊ नका, नाहीतर रात्रीचे अकरा वाजतात. बाहेर तासभर खेळ रोज हवाच. पाऊस असेल तर सोसायटीचं पार्किंग किंवा ओसरी, लंगडी आणि दोरीच्या उड्या. टीव्ही आल्या आल्या लावला तर तिथून मूल हलवणं कठीण जातं. खेळ झाल्यावर अर्धा तास द्या, आणि झोपेआधीच्या तासात नकोच.

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा. तरी शाळेने दिलाच तर खेळानंतर, दिवेलागणीच्या आत, दहा-पंधरा मिनिटं पुरेत. मुलाला घड्याळ कळत नाही, 'शुभंकरोतीच्या आधी' हे कळतं. अक्षर कच्चं असेल तर पानंच्या पानं गिरवून घेण्यात अर्थ नाही, बोटांत बळच आलेलं नसतं. कणीक मळणं, मटार सोलणं, कपड्यांचे चिमटे लावणं यातून ते येतं. वहीचं पान मग आपोआप सुधारतं.

या वयाला रात्री नऊ ते बारा तास झोप लागते. सहाला उठायचं तर साडेआठला अंथरुणात. सुट्टीत झोप साडेदहावर गेली असेल तर रोज पंधरा मिनिटं मागे आणा, आठ दिवस लागतील. सुरुवात सकाळी लवकर उठवण्यापासून करा, रात्री लवकर झोपवण्यापासून नाही. गणपतीच्या सुट्टीत हे पुन्हा विस्कटेल, तेव्हा शाळा उघडण्याच्या तीन दिवस आधी पुन्हा सकाळपासूनच धरा.

दप्तर रात्री जेवणानंतर मुलानेच भरायचं. तुम्ही शेजारी बसून वेळापत्रक वाचून दाखवा. आठवड्यातून एकदा ते काट्यावर ठेवा. केंद्राच्या त्याच दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे वीस किलोच्या मुलाला दोन किलो. अर्ध्या लिटरची भरलेली बाटलीच त्यातला अर्धा किलो खाते, तेव्हा शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर बाटली निम्मीच भरा आणि तिथे भरून घ्यायला शिकवा.