कर्तव्य, जबाबदारी, बंधनकारक… मेसेज लिहिताना या चुका टाळा

देवगडजवळच्या आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटिसा टाईप करायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. सप्त्याची (देवळातल्या भजनाच्या सप्ताहाची) पाळी, वर्गणी, पाणंदीची सफाई, जे असेल ते. एकदा मी लिहिलं, "सप्त्याच्या पाळीला प्रत्येक घरातून एक माणूस हजर राहणे बंधनकारक आहे." झालं, मुंबईचे चाकरमानी दुखावले, एका काकांचा तर रात्रीच फोन, "बंधनकारक म्हणजे काय रे? दंड लावतलस?"

काकांचं बरोबर होतं. बंधनकारक म्हणजे ज्याच्यामागे कायदा, नियम किंवा करार उभा आहे ते. हेल्मेट बंधनकारक, करारातली अट बंधनकारक. देवळातली पाळी ही पिढ्यान् पिढ्या चालत आलेली गोष्ट, तिला आमच्याकडे मान म्हणतात आणि त्या एका शब्दात हक्क आणि काम दोन्ही येतं. गाऱ्हाणं घालायचा मान ज्याचा, त्याला त्या दिवशी घरी बसून चालत नाही. (बाकी महाराष्ट्रात गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, आमच्याकडे देवापुढे सगळ्यांच्या वतीने घातलेलं मागणं, बाहेरच्या वाचकाला हे सांगावं लागतं.) पुढच्या वर्षी मी फक्त "आपल्या वाडीची पाळी आहे, घरटी एकजण यायलाच हवा" एवढंच लिहिलं, कोणी काही बोललं नाही.

तेव्हापासून शब्द अडला की मी एकच बघतो, नाही केलं तर काय होईल? दंड किंवा कारवाई होणार असेल तर बंधनकारक. कोणीतरी येऊन जाब विचारणार असेल तर जबाबदारी, त्या शब्दातच जबाब आहे, म्हणजे उत्तर द्यायला बांधलेला माणूस. आणि कोणी विचारणार नाही पण आपल्यालाच आतून टोचेल, ते कर्तव्य. संस्कृतात कर्तव्य म्हणजे नुसतं 'करायला हवं ते'. म्हणून पंपाच्या चावीची जबाबदारी कोणावर असं विचारायचं, पंपाच्या चावीचं कर्तव्य असं कोणी म्हणत नाही.

आता सगळ्यात जास्त गैरसमज करणारी चूक, आणि ती क्रियापदात आहे. "मला हॉस्पिटलात जायला हवं होतं" आणि "मला हॉस्पिटलात जावं लागलं" ही दोन वाक्यं लोक एकाच अर्थाने टाकतात. पहिल्यात माणूस गेलेला नाही, चुकलं अशी रुखरुख आहे. दुसऱ्यात तो गेला, पण नाईलाजाने. आमच्या नात्यात एकाने आजारी मावशीबद्दल "भेटायला जावं लागलं" असं लिहिलं, त्याला सांगायचं होतं की आवर्जून गेलो, आणि तिच्या मुलीला वाटलं याच्यावर ओझं झालं. "मी गेलं पाहिजे" हे आतून येतं, "जावं लागेल" हे बाहेरून, "जाणं भाग आहे" म्हणजे दुसरा रस्ताच नाही, आणि "जायचं आहे" म्हणजे फक्त ठरलंय. मालवणीतपण हा फरक आहेच, "जावक व्हया" वेगळं आणि "जावचा लागता" वेगळं.

आणि अनेकवचन विसरू नका. "कामं केली पाहिजे" नाही, "कामं केली पाहिजेत". "कागद आणायला हवे" नाही, "हवेत".

ड्युटीचं भाषांतर करायचा हट्ट नको. मराठीत ड्युटी म्हणजे कामाची पाळी, "नाईट ड्युटी आहे", "इलेक्शन ड्युटी लागली". तिथे "रात्रीचं कर्तव्य आहे" असं लिहिलंत तर जुनी माणसं भलतंच समजतील, कारण "यंदा कर्तव्य आहे का?" म्हणजे घरात मुलामुलीचं लग्न करायचंय का, ही विचारायची पद्धत आहे. कर्तृत्व हा तर वेगळाच शब्द, ते गाजवतात. कर्तव्य बजावतात.

दरड कोसळून रस्ता बंद झाला की "पाऊस जबाबदार" असं सर्रास लिहितात. पावसाला कोण जाब विचारणार? पाऊस कारणीभूत. डोंगर उभा कापून तसाच सोडणारा माणूस, तो जबाबदार. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, पहिल्या वाक्यात माणूस सुटून जातो.

शाळेच्या मीटिंगमध्ये "सक्तीचं शिक्षण" ऐकलं की पालकांना वाटतं सक्ती आपल्यावर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सक्तीच्या शिक्षणाचा अर्थ सरकारवरचं बंधन असा दिलाय, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं हे सरकारने बघायचं. पालकांसाठी शब्द कर्तव्य आहे. संविधानात मूलभूत कर्तव्यं १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने आली, तेव्हा दहा होती, मुलांना शिकायची संधी देण्याचं अकरावं ८६ व्या दुरुस्तीने २००२ मध्ये आलं.

शेवटचं, आभाराचे मेसेज. "आम्ही आपले मिंधे आहोत" असं एका दुखवट्यानंतरच्या मेसेजमध्ये वाचलं आणि वाईट वाटलं. मिंधा म्हणजे उपकाराखाली मान खाली गेलेला, ज्याला आता खरं बोलायची चोरी. ज्यांनी रात्री दोन वाजता गाडी काढून आजारी माणसाला कणकवलीला हॉस्पिटलात नेलं त्यांना ऋणी आहोत असं लिहावं, नाहीतर सरळ "तुमचे उपकार विसरणार नाही", आमच्या गावात माणसं तोंडावर तरी असंच बोलतात.