कमी पैशात दहा मीटरची रायफल जुळवताना

राधानगरीच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ आणल्यापासून आमच्या कोल्हापुरात पालक मला एअर रायफलबद्दल विचारतात. माझं सांगणं एकच: जुनी घ्या, पण आधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघा. आत 200 बार दाब असतोय. मुदत संपलेलं सिलिंडर फुकट मिळालं तरी नको. मग बट प्लेट (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) आणि गालपट्टी (गाल टेकतो ती पट्टी) पोरीच्या मापाला सरकते का, ते तिच्याच खांद्याला लावून बघा. वजन 5.5 किलोच्या आत. छर्रे 4.5 मिमीचे, सपाट तोंडाचे. दोन-तीन ब्रँडच्या डब्या आणा, रायफल टेकवून पाच-पाच मारा. ज्याचा ग्रुप लहान, म्हणजे पाचही भोकं जवळजवळ पडतात, तोच ब्रँड घ्या. वाचलेले पैसे नेमबाजीच्या जॅकेटला. ट्रिगर मात्र घरी उघडू नका, जाणकाराकडूनच लावून घ्या.