कर्नल पॅनिक, ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’: माझा अनुभव

अपडेटनंतर उबुंटू (लिनक्सची एक प्रणाली) सुरू होईना; कर्नल पॅनिक, म्हणजे प्रणालीचा गाभा असलेला कर्नलच थांबला. काळ्या पडद्यावर शेवटची ओळ: ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक’, पुढे कंसात दोन शून्यं. रॅम काढून बसवली, डिस्क तपासली, बायॉसच्या सेटिंग्ज मूळपदावर आणल्या. दोन रात्री फुकट गेल्या.

खरं तर ती शून्यंच सगळं सांगत होती. कर्नलला डिस्कच दिसत नव्हती, कारण तिचे ड्रायव्हर ज्या इनिटरामएफएसमध्ये (सुरू होताना कर्नलला लागणाऱ्या फाइलमध्ये) असतात ती फाइल अपडेटच्या वेळी बनलीच नव्हती. ती जिथे ठेवली जाते ते बूट विभाजन (डिस्कचा वेगळा भाग) शंभर टक्के भरलेलं!

मशीन सुरू होताना एस्केप दाबून (जुन्या बायॉसवर शिफ्ट धरून) ग्रब मेनू (कोणता कर्नल सुरू करायचा ते निवडण्याची यादी) आणला, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडला. तो चालला. ‘यूनेम -आर’ने चालू कर्नलचा क्रमांक टिपून घेतला, हा चुकूनही काढायचा नाही. मग सर्वांत जुना कर्नल ‘सुडो एपीटी पर्ज’ने काढला, ‘डीएफ -एच’ने जागा झाल्याची खात्री केली. त्यानंतर ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -सी -के’, पुढे नव्या कर्नलची पूर्ण आवृत्ती, म्हणजे राहिलेली फाइल बनते. बूट फोल्डरमध्ये त्याच क्रमांकाची ‘इनिटआरडी’ फाइल (हीच ती इनिटरामएफएस) दिसल्यावरच ‘सुडो अपडेट-ग्रब’ आणि रीबूट.

नवा कर्नल पहिल्या झटक्यात वर आला.