जपानी खरेदीदार मकरपुऱ्यात येणार असतील तर

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत जपानी पाहुणे यायचे म्हटलं, की आपली धावपळ नाश्त्यापासून सुरू होते. ती व्हिजिटिंग कार्डापासून करा. उभं राहून, दोन्ही हातांनी, अक्षरं समोरच्याला सरळ वाचता येतील असं कार्ड द्या. त्यांचं कार्ड घेतल्यावर क्षणभर वाचा आणि बैठक संपेपर्यंत टेबलावर समोर ठेवा. त्यावर काही लिहू नका, मागच्या खिशात तर मुळीच कोंबू नका. पाहुण्यांना दारापासून लांबची खुर्ची द्या. मानाची जागा तीच.

खरी गडबड होते ती ‘हाय’ म्हणजे ‘हो’ या जपानी शब्दाने. त्याचा अर्थ पुष्कळदा ‘ऐकतोय’ एवढाच असतो, आणि आपण ऑर्डर पक्की समजून कच्चा माल मागवून बसतो. ‘जरा कठीण आहे’ म्हणाले तर बहुधा नकारच. गप्प बसले तर घाईने दर उतरवू नका. विचार चाललेला असतो. तिकडे निर्णय आधी आतल्या आत सगळ्यांशी बोलून होतो, म्हणून ड्रॉइंग आणि दर बैठकीआधीच पाठवा. ठरलेले मुद्दे त्याच संध्याकाळी ई-मेलने कळवा.

फोन दुपारी 2.30 च्या आत करा; तेव्हा टोकियोत 6 वाजतात. भेटवस्तू 4 नगांची नको, तिथे चारचा ‘शी’ हा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखाच आहे.